फक्त दीड वर्ष कमी करायचंय

क्रिकेटसाठी मुलाची जन्मतारीख खोटी करून वय कमी दाखवायचं, हे प्रकरण आमच्या घरातलंच आहे, माझ्या भाच्याचं. ताई-भाऊजींना आणि त्याला स्वतःला विचारून लिहितेय. नावं कुणाचीच देत नाहीये, कोचचं नाही आणि अकादमीचं पण नाही. मी वडोदऱ्यात एका शाळेत पीटी शिकवते, सोळा वर्षं झाली, खोखो आणि ॲथलेटिक्सच्या टीम माझ्याकडे असतात, म्हणजे मुलांचे जन्माचे दाखले तपासणं, फॉर्म भरणं, प्रिन्सिपलची सही-शिक्का आणणं हे माझं दरवर्षीचं काम. तरी हा विषय आपल्याच घरात निघाला तेव्हा पहिले दोन दिवस मला नीट उत्तर देता आलं नाही. का देता आलं नाही आणि मग काय सापडलं ते सगळं लिहायचंय, कारण या वर्षभरात अजून तीन पालकांनी मला हेच विचारलंय आणि फोनवर तुकड्या-तुकड्यात सांगून ते होत नाही.

आधी मुलाबद्दल

भाचा जून २०११ चा. घर दांडिया बाजारात, जुना वाडा, मधे चौक, त्या चौकात भिंतीवर टेनिस बॉल आपटून पकडत बसायचा तो. सात वर्षांचा असेल. बॅटिंग कुणी दिली तरी नको म्हणायचा, मला मागे उभं राहायचंय म्हणे. आमच्या बडोद्याला (आम्ही घरात अजून बडोदाच म्हणतो) कीपरचं कौतुक आहेच, किरण मोरे ४९ टेस्ट खेळले, नयन मोंगिया ४४, दोघंही याच गावात जन्मलेले, त्यामुळे पोरगं कीपिंग करतंय म्हटल्यावर अख्ख्या वाड्यानं उचलून धरलं. त्यात बाबा, म्हणजे माझे वडील, ते त्याला १९४६-४७ ची रणजी फायनल सांगायचे, बडोदा विरुद्ध होळकर, विजय हजारे २८८ आणि गुल महंमद ३१९, दोघांची ५७७ ची पार्टनरशिप. बाबांनी ती बघितलेली नाही, त्यांच्या वडिलांकडून ऐकलेली, पण सांगताना असं सांगतात की स्वतः बाऊंड्रीवर बसले होते. तर असं घर.

नवव्या वर्षी अकादमीत घातला. ताई पहाटे पाचला उठून डबा करायची, भाऊजी मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) शिफ्टला जातात, ते नाईट करून आले तरी न झोपता त्याला स्कूटरवर सोडायला जायचे. फी, ग्लोव्ह्ज, पॅड, शूज, दर सहा महिन्यांनी काहीतरी. हे सगळं मी बघितलंय म्हणून पुढे भाऊजी जे बोलले त्याचा मला राग नाही आला. आपण बाहेरून बघणारे लगेच पालकांना लोभी ठरवतो. पाच वर्षं झोप मोडलेल्या माणसाला समोर एक दार बंद होताना दिसतं ना, तेव्हा तो काय विचार करतो ते आधी समजून घ्यायला हवं.

मुलाचे हात फार चांगले. स्पिनरला स्टंपजवळ उभा राहिला की बघत राहावं असं. अडचण एकच, अंगानं लहान. चौदा पूर्ण होताना उंची १४३ सेंटीमीटर आणि वजन ३३ किलो. बरोबरीच्या दोघा-तिघांना मिशी फुटलेली, आवाज फुटलेले, आणि हा त्यांच्यात धाकट्या भावासारखा. २०२४-२५ च्या सीझनला १४ खालच्या (अंडर-१४) ट्रायलमध्ये रिझर्व्हमध्ये राहिला. सिलेक्ट झालेला कीपर कीपिंगमध्ये याच्यापेक्षा कच्चा होता पण सिक्स मारायचा.

आता हिशोब नीट बघा कारण सगळं प्रकरण त्या हिशोबावरच उभं आहे. वयोगटाच्या क्रिकेटमध्ये कट-ऑफ १ सप्टेंबर. १ सप्टेंबर २०२५ च्या आधी १४ पूर्ण झालेले नसले पाहिजेत, म्हणजे जन्म १ सप्टेंबर २०११ किंवा नंतरचा हवा. आमचा जूनच्या मध्यावरचा. अडीच महिन्यांनी हुकला. आणि जून-जुलै-ऑगस्टच्या मुलांचं असं नेहमीच होतं, ते आपल्या गटात सगळ्यात लहान असतात, सप्टेंबर-ऑक्टोबरची मुलं त्यांच्यापेक्षा आठ-दहा महिन्यांनी मोठी असतात, आणि बारा-तेराव्या वर्षी आठ महिने म्हणजे बरंच अंतर असतं. कॅनडात आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा बघून संशोधकांनी १९८५ मध्येच हे दाखवलं होतं, तिथे कट-ऑफ १ जानेवारी आणि वरच्या टीममध्ये जानेवारी-फेब्रुवारी-मार्चची मुलं भरपूर. मोठं मूल निवडलं जातं, मग त्यालाच चांगला कोच आणि जास्त मॅचेस मिळतात आणि मग ते खरंच चांगलं होतं. लहान असलेलं तोवर घरी बसलेलं असतं.

मे महिन्यात काय झालं

मे २०२५. प्रॅक्टिस संपल्यावर कोचनी भाऊजींना बाजूला घेतलं. म्हणाले, मुलगा चांगला आहे पण आता १६ खाली जाईल, तिथे याचा टिकाव लागणार नाही. मग म्हणाले एक रस्ता आहे, तारीख डिसेंबर २०१२ करून घ्या, फक्त दीड वर्ष कमी करायचंय, माणूस आहे माझ्या ओळखीचा, दाखला काढून देतो. भाऊजी गप्प राहिले तर वरून, 'बधा करे छे, भाई.' सगळेच करतात.

डिसेंबर २०१२ केलं तर काय मिळतं? १४ खाली अजून दोन सीझन. आणि १६ खाली थेट २०२८-२९ पर्यंत, म्हणजे खऱ्या वयानं सतरा उलटून गेल्यावरसुद्धा. खऱ्या तारखेनं १६ खाली फक्त दोन सीझन मिळतात, ते पण सगळ्यात लहान म्हणून. कोचनी हे सगळं भाऊजींना कागदावर लिहून दिलं होतं, तो कागद मी बघितला, दोन रकाने, खरी तारीख आणि नवी तारीख.

आणि सगळ्यात वजनदार गोष्ट कोचनी शेवटी सांगितली. टेस्टची काळजी करू नका, हा पास होईल.

ही टेस्ट म्हणजे टीडब्ल्यू-३. डाव्या हाताच्या मनगटाचा आणि पंजाचा एक्स-रे काढतात, मनगटाजवळची दोन लांब हाडं आणि बोटांची ठरावीक हाडं किती वाढलीत, टोकाची ग्रोथ प्लेट किती बंद होत आलीय ते बघून हाडांचं वय काढतात. बीसीसीआय १६ खालच्या मुलांना ही टेस्ट लावते. फुटबॉलमध्ये फिफानं २००९ च्या १७ खालच्या वर्ल्डकपपासून मनगटाचा एमआरआय सुरू केला. पण या टेस्टला जन्मतारीख कळत नाही, हाडं किती पिकलीत तेवढंच कळतं. जी मुलं लवकर वाढतात त्यांची हाडं वयापेक्षा पुढे असतात, ती खरी तारीख देऊनसुद्धा अडकू शकतात. आणि आमच्यासारखी उशिरा वाढणारी मुलं खोटी तारीख देऊन आरामात पास होतात. कोचला हे पक्कं माहिती होतं. त्यांनी असंच मूल शोधलं होतं.

भाऊजींचा मुद्दा

त्या रात्री ताईकडे जेवायला होते. पोरगं वर गच्चीत होतं. भाऊजींनी सगळं सांगितलं आणि मग म्हणाले, 'तू पीटी टीचर आहेस, तूच सांग. मी कुणाचं काय चोरतोय? याचं शरीर बाराचंच आहे. बाराच्या मुलांबरोबर बाराचं शरीर खेळेल, यात अन्याय कुणावर झाला? उलट आत्ता जे चाललंय तो अन्याय आहे, चौदाच्या नावाखाली सोळा दिसणाऱ्या पोरांसमोर माझा हा एवढासा.'

मी म्हटलं, पण खोटं आहे ना ते. ते म्हणाले, 'कागद खोटा, मुलगा खरा.'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच नव्हतं. वय चोरणाऱ्यांबद्दल आपल्या डोक्यात जे चित्र असतं ते दाढी आलेल्या मुलाचं असतं, अठराचा पोरगा सोळात घुसवलेला. इथे उलटं होतं. इथे तारीख खोटी केल्यावर मुलगा टीममध्ये जास्त शोभून दिसला असता. राहुल द्रविडनी डिसेंबर २०१५ मध्ये दिल्लीत पतौडी व्याख्यानात या विषयावर सविस्तर बोललं होतं, की वय लपवणं त्यांच्या दृष्टीनं फिक्सिंगपेक्षा वेगळं नाही आणि आपण मुलाला खोटं बोलायलाच शिकवतोय. ते मला पटलेलं, मी शाळेत सांगितलेलं पण आहे. पण भाऊजींना ते ऐकवून काही झालं नसतं, त्यांना वाटत होतं की ते मुलाला न्याय मिळवून देतायत.

म्हणून मी दोन दिवस मागितले.

पहिलं काम केलं ते म्हणजे मैदानावर गेले. कुणाला न सांगता कडेला उभी राहिले आणि बघितलं की १४ खाली या वर्षी कीपर कोण होणार होता, म्हणजे आमचा नसता तर. एक होता. वाडी भागातला, वडील रिक्षा चालवतात, २०१२ चा, खरा २०१२ चा, एका मोठ्या मुलाचे वापरलेले ग्लोव्ह्ज घालून खेळत होता आणि बोटाच्या जागी आत कापूस भरलेला. हात ठीक होते. आमच्या मुलाइतके नाही. पण आमचा बारा वर्षांचा असताना कसा होता ते मला आठवतं ना, साधारण तसाच.

तिथे मला भाऊजींच्या मुद्द्यातलं भोक दिसलं. दोघांचं शरीर सारखं, उंचीत दोन बोटांचा फरक. पण आमच्या पोरानं दीड-दोन वर्षं जास्त कीपिंग केलंय. हजारो बॉल जास्त पकडलेत. बॅट्समनचा पाय बघून बॉल कुठे जाईल हे ओळखणं वयानं आणि सरावानं येतं, एक्स-रेमध्ये ते दिसत नाही. शरीर बाराचं असेल, डोकं चौदाचं होतं. आणि ती जागा एकच होती. स्क्वाडमध्ये पंधरा, त्यात मेन कीपर एक. कुणाचं काय चोरतोय याचं उत्तर कापूस भरलेले ग्लोव्ह्ज घालून समोर खाली बसलेलं होतं.

दुसरं काम, ताईला म्हटलं मुलांच्या डॉक्टरांकडे जाऊन ये, तसंही उंचीचं टेन्शन होतंच. डॉक्टरांनी तपासलं, रक्ताच्या टेस्ट केल्या, मनगटाचा एक्स-रे काढला. हाडांचं वय साधारण बारा. बाकी सगळं नॉर्मल. त्यांनी भाऊजींना विचारलं, तुमची उंची कधी वाढली? भाऊजी म्हणाले कॉलेजला गेल्यावर, अकरावी-बारावीत. डॉक्टर हसले, म्हणाले मग हा तुमच्यावरच गेलाय, काही मुलं उशिरा वाढतात, घरात असतं ते. मुलांची उंची साधारण चौदाच्या आसपास सगळ्यात जोरात वाढते, पण कुणाची बाराला, कुणाची सोळाला, आणि जोर आला की वर्षाला नऊ-दहा सेंटीमीटरपर्यंत. याचं अजून यायचंय.

भाऊजी एक्स-रे घेऊन आले ते जवळजवळ खुशीत. बघ, बाराच आहे, डॉक्टरांनी लिहून दिलंय.

आणि इथेच मी त्यांना कोचचा तो दोन रकान्यांचा कागद परत काढायला लावला. म्हटलं, आता यात हाडं घाला. उशिरा वाढणारी मुलं कायम मागे राहत नाहीत, एकदा वाढ सुरू झाली की हाडं झपाट्यानं भरून काढतात. खरा सोळाचा होईल तेव्हा हा कागदावर साडेचौदाचा, पण तेव्हा उंची वाढलेली, आवाज फुटलेला. खरा सतराचा होईल तेव्हा कागदावर साडेपंधरा आणि १६ खालच्या टीमच्या दारात उभा, आणि तेव्हा टेस्ट होईल. आत्ता पास होणारा मुलगा तेव्हा अडकेल. बीसीसीआयनं २०२० मध्ये मुलांना संधी दिली होती, स्वतःहून खरी तारीख सांगा, निलंबन नाही, योग्य गटात खेळू देऊ, आणि न सांगता सापडलात तर दोन वर्षं बाहेर. दोन वर्षं. सतरा ते एकोणीस. कीपिंग खऱ्या अर्थानं बसतं ते वय.

म्हणजे कोच खोटं बोलत नव्हते, पास होईल हे खरंच होतं, फक्त आत्तापुरतं. त्यांना दोन सीझनचा कीपर हवा होता, आम्हाला वीस वर्षांचा.

भाऊजी बराच वेळ कागदाकडे बघत बसले. पण पटलं असं नाही म्हणाले. म्हणाले, तोवर कोणी काय बघितलंय.

दाखल्याचं म्हणाल तर ते पण मी सांगितलं. जन्म झाला की २१ दिवसांत नोंद करायची असते, वर्ष उलटलं तर मॅजिस्ट्रेटचा आदेश लागतो, आणि हे दाखला करून देणारे लोक त्या उशिराच्या नोंदीतूनच वाट काढतात. आमच्या मुलाची नोंद तर हॉस्पिटलमधून वेळेत झालेली, कॉर्पोरेशनच्या रजिस्टरमध्ये आहे. दुसरी नोंद म्हणजे सरकारदरबारी एक मूल दोनदा जन्मलं. आधारमध्ये जन्मतारीख एकदाच बदलता येते. शाळेच्या रजिस्टरमध्ये २०११, दहावीच्या मार्कशीटवर २०११ येणार, पासपोर्ट त्यावर, नोकरी त्यावर. मैदानावर एक आणि शाळेत एक अशा दोन तारखा घेऊन मुलगा किती वर्षं फिरणार.

मुलगा काय म्हणाला

हे सगळं आम्ही मोठे बोलत होतो आणि त्याला कुणीच विचारलं नव्हतं. ही चूक माझी पण. कोचनी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, ते आम्हाला नंतर कळलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी त्याला सुरसागर तलावाच्या बाजूला घेऊन गेले, शेव-उसळ खायला, आणि सरळ विचारलं की तुला माहितीये का. म्हणाला हो. मग खूप वेळ पाव कुस्करत बसला आणि म्हणाला, 'मावशी, मग माझा वाढदिवस आता जूनमध्ये करायचा की डिसेंबरमध्ये? मित्रांना काय सांगायचं?'

मला रडू आलं, मी तोंड तलावाकडे केलं.

त्यानं बाकीचं पण सांगितलं. अकादमीत अजून दोघांच्या तारखा बदललेल्या होत्या आणि सगळ्या मुलांना माहिती होतं. त्यातल्या एकाला बाकीचे चिडवायचे, तो शाळेतल्या कुणाशी मैदानावर बोलायचा नाही, तोंडातून काही निघेल म्हणून. कुणी इयत्ता विचारली तर थांबून हिशोब करून सांगायचा. आपण म्हणतो खेळानं मुलं मोकळी होतात, चार मित्र मिळतात, हरायला शिकतात. ते होतंच, मी रोज बघते. पण हे मूल ज्या जागी सगळ्यात मोकळं असायला हवं त्याच जागी सगळ्यात जास्त घाबरून होतं.

अमेरिकेतलं २००१ चं एक प्रकरण मी भाऊजींना वाचून दाखवलं होतं. लिटल लीग बेसबॉल, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांची स्पर्धा, त्यात एका पोरानं अशी पिचिंग केली की देशभर नाव झालं. नंतर कळलं चौदाचा होता, वडिलांनी खोट्या दाखल्यावर उतरवलेला. टीमचे सगळे विजय रद्द. कागद वडिलांनी केला, पण आज इतक्या वर्षांनी लोकांना नाव आठवतं ते मुलाचं.

जोड

बाबांना आम्ही हे सांगितलं नव्हतं. पण वाड्यात काय लपतंय. एक दिवस त्यांनीच विषय काढला. बाबा लहानपणी जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचे, प्रोफेसर माणिकरावांनी आपल्या गुरूंच्या नावानं उभं केलेलं, बडोद्याच्या मराठी घरांतली कितीतरी पोरं तिथल्या मातीत लोळलीयत. बाबा म्हणाले, आमच्याकडे वस्ताद जोड लावायचे तेव्हा दाखला विचारत नव्हते. पोरगा उभा करून बघायचे, मान, मांडी, मनगट, आणि त्याच्या अंगापिंडाची जोड शोधायचे. बारकं पोर दांडग्याला दिलं तर मोडेल आणि दांडगं बारक्याला दिलं तर शिकणार नाही. रोजची जोड बरोबरीची. आणि आठवड्यातून एकदा मुद्दाम वरची जोड, म्हणजे माज येत नाही आणि भीती पण जाते. पण वय काय सांगितलं तर खरंच सांगायचं, त्यात काय लपवायचंय.

मला एकदम सुचलं की हेच तर. इंग्लंडमधल्या फुटबॉल अकादम्यांनी गेल्या दहाएक वर्षांत हेच सुरू केलंय, मुलांना काही दिवस वयाऐवजी शरीराच्या वाढीप्रमाणे गटात खेळवतात, त्याला बायो-बँडिंग म्हणतात. लवकर वाढलेल्या मुलांना वर खेळून डोकं वापरावं लागतं, उशिरा वाढणाऱ्यांना बरोबरीच्या अंगाची मुलं मिळतात आणि त्यांना पुढे होऊन खेळता येतं. कागद कुणाचाच बदलत नाही. भाऊजींची मागणी, की याला याच्या शरीराची मुलं मिळाली पाहिजेत, ती शंभर टक्के बरोबर होती, माझं तर मत झालंय की प्रत्येक कोचनं हे करायलाच हवं. पण त्यासाठी सरावाची जोड बदलायची, जन्म नाही.

पुढे काय झालं

तारीख बदलली नाही. कोचना भाऊजींनी फोनवर सांगितलं, मी नव्हते तिथे. त्यानंतर पोराला नेटमध्ये शेवटची पाच मिनिटं मिळायला लागली, कीपिंग दुसऱ्याला. जुलैत अकादमी सोडली. भरलेली फी गेली.

आणि ते दोन महिने वाईट गेले, हे मुद्दाम लिहितेय कारण योग्य निर्णय घेतला की सगळं छान होतं असं कुणी समजू नये. पोरगं ग्लोव्ह्जला हात लावेना. एकदा ताईला म्हणालं, तू आणि मावशीनं माझं क्रिकेट घालवलं. भाऊजी माझ्याशी दिवाळीपर्यंत धड बोलले नाहीत, नवरात्रात गरब्याला सगळे एकत्र गेलो तरी माझ्या नवऱ्याशीच बोलत राहिले. ताई मधल्या मधे.

ऑगस्टच्या शेवटी पोलो ग्राउंडच्या बाजूला मुलं घेणारे एक जुने सर मिळाले, ओळखीतून. त्यांच्याकडे झगमगाट काही नाही, एक मॅट, दोन नेट. त्यांना सगळं खरं सांगितलं आणि विचारलं, याला जोडीची मुलं द्याल का. त्यांनी आठवड्यातून तीन दिवस बारा-तेराच्या मुलांबरोबर ठेवलं, तिथे हा सगळ्यात अनुभवी, धाकट्यांना शिकवायचं काम पण त्याच्याकडे. आणि शनिवारी मोठ्या मुलांत, कीपिंग करायचंच, बॅटिंगला वर यायचं, आऊट झाला तर झाला. पहिले तीन शनिवार एकेरी धावात गेला. चौथ्या शनिवारी वीस बॉल टिकला, दोन धावा, आणि सरांनी सगळ्यांसमोर त्या दोन धावांचं कौतुक केलं.

१६ खालच्या ट्रायलला गेला. पहिल्या यादीतही नाव आलं नाही. पण शाळांच्या स्पर्धा १७ खाली असतात, तिथे शाळेच्या टीममध्ये कीपर म्हणून घेतलं, दुसऱ्या राउंडला हरले, पण हरण्याआधी याच्या तीन स्टंपिंग झाल्या होत्या, लेग-स्पिनरवर. भाऊजी हाफ-डे टाकून आले होते. काही बोलले नाहीत. निघताना माझ्या हातात चहा दिला, तेवढंच.

उंची आता १४९ आहे. ताई दर महिन्याला दाराच्या चौकटीवर पेन्सिलनं खूण करते.

रिक्षावाल्यांचा मुलगा १४ खाली खेळला की नाही हे बरेच लोक विचारतात. ट्रायल दिली, स्क्वाडमध्ये आला, दोन मॅच खेळला. आमच्यामुळे त्याची जागा राहिली हे त्याला माहिती नाही आणि सांगायचं कारण पण नाही. त्याच्या हक्काचीच होती.

एक गोष्ट मात्र माझ्याच्यानं अजून सुटलेली नाही. त्या अकादमीत जी दोन मुलं आहेत तारीख बदललेली, त्यांचं काय. मी तक्रार केली तर निलंबन मुलाचं होईल. ज्यानं दाखला काढून दिला आणि ज्यानं काढायला सांगितला ते तिथेच राहतील. तक्रार नाही केली तर दर वर्षी दोन खरी मुलं बाहेर बसतील. त्यातल्या एकाच्या आईला मी शाळेमुळे ओळखते. तिला भेटून मी २०२० च्या त्या योजनेबद्दल सांगितलं, की मुलानं आपणहून खरं सांगितलं तर त्याला सांभाळून घेतलं गेलेलं आहे, तशी वाट परत निघेल तेव्हा पहिल्या दिवशी जा, किंवा आत्ताच खऱ्या तारखेनं दुसरीकडे सुरू करा. ती म्हणाली घरी विचारते. पुढे काही आलं नाही.

आणि गेल्या आठवड्यात अजून एक फोन आला, कारेलीबागेतल्या एका ताईंचा, मुलगा तेरा वर्षांचा, फास्ट बोलर, कोच वेगळे पण वाक्य तेच, फक्त एक वर्ष कमी करायचंय. रविवारी सकाळी दहाला येणार आहेत. मुलाला बरोबर आणा म्हटलंय, आणि त्याचा पहिला, कॉर्पोरेशनचा दाखला.